एक बाही लावून होईपर्यंत

तुम्ही हाक मारलीत तेव्हा मी मशीनवर होते. हाक मला ऐकू आली. मी उठले नाही.

"वहिनी," म्हणालात. मग थोड्या वेळानं, "वहिनी, अहो, जरा या." दुसरी हाक पहिलीपेक्षा हळू होती. मला वाटलं, नरमलात. एकवीस दिवस तुम्ही मला हाक मारली नव्हती, कारण मीच बजावलं होतं, त्या इंजिनासाठी मला पुन्हा हाक मारायची नाही. आता मारताय ना, म्हटलं, मग आणखी एकदा मारा. मी पायडलवर पाय जोरात चालवला. मशीनचा आवाज पुढच्या खोलीत जावा आणि मी ऐकूनसुद्धा येत नाही हे तुम्हाला कळावं म्हणून.

तिसऱ्या मजल्यावरच्या लेल्यांच्या सुनेचा ब्लाउज होता. एक बाही लावून झाली होती, दुसरी राहिली होती. ती लावली. मुंढ्यावरची शिवण उलटून पाहिली, पुन्हा एक टीप मारली, दोरे कापले. तिसरी हाक आली नाही. मग मी उठले. तेही तुमच्यासाठी नाही, नळ जायच्या आत पिंप भरायचं होतं म्हणून.

तुम्ही खुर्चीतच होतात. मान छातीवर आली होती. चष्मा टेबलावर, इंजिनाच्या चाकापाशी काढून ठेवलेला. उजव्या हातात तो लहान पाना. मी हात धरला तर गरम होता. पाना सोडवायला मला जोर लावावा लागला.

खालचे डॉक्टर आले. त्यांनी जे बघायचं ते बघितलं आणि विचारलं, "आजी, काही म्हणाले का? हाक वगैरे मारली?"

"नाही," मी म्हणाले.

विचार करून म्हणाले असं नाही. तोंडातून गेलं. पण एकदा गेल्यावर ते माझ्या हातात राहिलं नाही. डॉक्टर ते लेल्यांशी बोलले, लेले जिन्यात बोलले, आणि तेरा दिवस जो येईल तो मला तेच ऐकवत होता. "कुणाला हाक नाही, कुणाला त्रास नाही. असं मरण यायला भाग्य लागतं." सुधीर जर्मनीहून दुसऱ्या दिवशी पोचला. तोही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "काकानं आईलासुद्धा हाक मारली नाही. तिला दगदग नको म्हणून." मी मान हलवायचे. तुमच्या फोटोकडे पाठ करून बसायचे, पण तेवढं कोण बघतंय.

भाऊजी, मी तुमचं गुणगान लिहायला बसलेली नाही. ते लोकांनी भरपूर केलं. मी चौथी शिकले, आजवर लिहिली ती गिऱ्हाइकांची मापं. हेसुद्धा त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. जे झालं ते मला तुमच्यासमोर एकदा सरळ सांगायचं आहे, कारण बाकी सगळ्यांसमोर मी ते वाकडं सांगितलं.

ते टेबलावर मावेल एवढं रेल्वेचं वाफेचं इंजिन सुधीरनं तुमच्या पंचाहत्तरीला पाठवलं. खोकी उघडली तर आत इंजिन नव्हतंच, नुसते तुकडे. पितळेचे, लोखंडाचे, नखाएवढे, बोटाएवढे, कागदात गुंडाळलेले. मी म्हणाले, "सुधीरला फसवलं. मोडकं पाठवलंय."

तुम्ही हसता हसता खोकलात. "वहिनी, ते आपण जोडायचं असतं."

"जोडून देत नाहीत?"

"जोडून दिलं तर मग आपण काय करायचं?"

"बाकीची म्हातारी माणसं करतात ते. पर्वतीवर फिरायला जायचं आणि सुनांबद्दल बोलायचं."

"मला सून नाही," तुम्ही म्हणालात.

पहिल्याच सकाळी तुमच्या हातून स्क्रूंची पुडी सांडली. चार मापांचे स्क्रू एकात एक झाले. तुम्ही ते मोजपट्टीवर एकेक धरून बघायला लागलात. त्या वेगानं तुमची शंभरी झाली असती. मी तांदूळ निवडायचं ताट आणलं, त्यात सगळे ओतले आणि बोटानं चार बाजूंना सारले. साठ वर्षं तांदूळ निवडल्यावर तेवढं दिसतं. तुम्ही प्रत्येक ढिगातला एकेक मोजून पाहिलात, मग दुसरा पाहिलात, मग माझ्याकडे पाहिलंत. ते ताट त्या दिवसापासून टेबलावर राहिलं. तांदळाला मी नवं आणलं.

तिथून तुमची ती पद्धत सुरू झाली. भाग जागेवर बसवायचा, स्क्रू अर्धा पिळायचा आणि मला हाक मारायची. "वहिनी, बघा." मी येऊन वाकून बघायचे. "पक्कं करू?" "करा." मगच शेवटचा पीळ. माझ्या 'करा'शिवाय तुम्ही एक स्क्रू आवळला नाहीत. मला इंजिनातलं काय कळत होतं? काही नाही. पण वाकडं मला दिसतं. शिलाई एक धागा सरकली तरी गिऱ्हाइकाच्या आधी मला दिसते. बसवलेला भाग तिरका आहे असं मी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा तो निघाला तिरकाच.

पण हाका किती. चाकाला हाक, दांड्याला हाक, वॉशरला हाक. दोनदा आमटी लागली. एकदा अंगावर अर्धी साडी गुंडाळलेली असताना हाक. "येते," म्हणायचे आणि पुटपुटत यायचे. तुम्हाला ते पुटपुटणं ऐकू यायचं आणि आवडायचं, असं मला वाटतं. दोन वर्षं अशी गेली. खरं सांगते, त्या आधीची दहा वर्षं या घरात आपण दोघं नुसते एकमेकांची औषधं विचारत होतो.

वाफेचं तुम्ही मला समजावलंत तेव्हा मी म्हणाले, "स्टोव्हसारखं. दाब आला की वाट शोधतो." तुम्ही म्हणालात, "तेच. फक्त यात वाट आपण दाखवायची, कधी पुढून, कधी मागून." त्यात खरा जाळ करायचा होता तुम्हाला. मी म्हणाले, माझ्या घरात नाही. तुम्ही म्हणालात, मग गच्चीत. मी म्हणाले, गच्चीत लेल्यांचे पापड असतात. ते भांडण तसंच राहिलं आहे. काळा रंग की हिरवा, तेही राहिलं आहे.

इंजिनाचं वेड तुम्हाला लहानपणापासून. अण्णा, तुमचे थोरले भाऊ, मला सांगायचे, स्टेशनजवळच्या पुलावर तुम्हाला घेऊन जायचं, खालून गाडी गेली की तोंड काळं करून घरी यायचं, आणि डोळ्यातली कोळशाची कणी आईनं पदरानं काढायची. अण्णा गेले तेव्हा सुधीर चार वर्षांचा होता. वर्षश्राद्धही झालं नव्हतं, तेव्हा भुसावळच्या इंजिन शेडमधून तुम्हाला नोकरीचं बोलावणं आलं. पोस्टमननं ते माझ्याच हातात दिलं होतं. संध्याकाळी तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि विचारलंत, "वहिनी, काय करू?"

सुधीर जमिनीवर बसून डबे वाजवत होता. त्याला उचलायचं काही कारण नव्हतं. मी त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "तुमची इच्छा."

तुम्ही कागदाची घडी खिशात ठेवलीत आणि मंडईत गेलात. येताना मेथी आणलीत. पुढल्या महिन्यात इथल्याच एका कचेरीत कारकून म्हणून लागलात आणि तिथूनच निवृत्त झालात. लग्नाचं तुम्ही टाळत गेलात, मी कधी रेटून धरलं नाही. जिन्यात लोक काय बोलायचे ते दोघांनी ऐकलं आणि दोघांनी सोडून दिलं.

मला 'जा' म्हणता आलं असतं. मशीन होतं, हात होते, मी उपाशी मेले नसते. भीती वाटली म्हणून म्हणाले नाही, आणि 'जाऊ नका' असं मागायलाही मला कमीपणा वाटला. म्हणून मूल मांडीवर घेतलं. तुम्हाला ते तेव्हाच कळलं असणार. तुम्ही पन्नास वर्षांत एकदाही काढलं नाहीत. मीही काढलं नाही. टेबलावर ते तुकडे पसरलेले बघताना रोज मनात यायचं, आणि रोज मी काहीतरी दुसरंच बोलायचे.

आता त्या भांडणाचं.

इंजिन जोडून झालं. फक्त रंग राहिला. चालतं का ते आधी हवेवर बघायचं म्हणून तुम्ही रशीदभाईंना बोलावलंत. रशीदभाई आपल्या गल्लीतले, बापाच्या वेळेपासून स्टोव्ह आणि कुकर दुरुस्त करतात, तुमच्या इंजिनाची एक पिन त्यांनीच करून दिली होती. ते पंप घेऊन आले. नळी लावली, हवा सोडली. चाक अर्धा फेरा फिरलं आणि अडकलं. मागे ढकललं, पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा अडकलं. तासभर तेच. तुम्ही तेल घातलंत, स्क्रू सैल केलेत, पुस्तक वाचलंत, रशीदभाईंनी नळी बदलली. मी दारात उभी राहून बघत होते. मग जवळ आले, आधी उजवीकडून वाकून पाहिलं, मग डावीकडून.

दोन्ही बाजूंना चाकावर ती बोटाच्या पेराएवढी लहान दांडी आहे ना, वाफेनं कधी आत जायचं ते ठरवणारी. उजवीकडची पुढे झुकलेली होती. डावीकडची मागे. पुस्तकात चित्र एकाच बाजूचं होतं, उजव्या. तुम्ही डावी बाजू त्या चित्राबरहुकूम केली होतीत.

मी म्हणाले, "भाऊजी, दोन्ही बाह्या एकाच हाताच्या झाल्यात."

ब्लाउज शिवणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. बाहीचा पुढचा गोल जास्त खोल कापतात, मागचा कमी. कापड पुरेसं असलं तर दुमडून दोन्ही बाह्या एकदम कापल्या जातात. कापड तोकडं असलं की एकेक कापावी लागते, आणि दुसरीच्या वेळी मापाचा कागद उलटा करायला विसरलं की दोन्ही उजव्याच. टेबलावर अगदी सारख्या दिसतात. अंगात घातल्यावर एक हात वर होत नाही. तुमचं इंजिन तसंच अडकत होतं. एक बाजू पुढे ओढत होती, दुसरी मागे.

"वहिनी, हे ब्लाउज नाही," तुम्ही म्हणालात. मान वर न करता.

"ते दिसतंय. पण चूक तीच आहे."

"पुस्तकात दिलंय तसंच केलंय मी."

"पुस्तकात एकच बाही आहे."

रशीदभाई हसले. तुम्हाला हसलेत असं तुम्हाला वाटलं. तुम्ही पाना टेबलावर आपटलात आणि म्हणालात, "इंजिनिअर लोकांनी लिहिलेलं पुस्तक खोटं आणि चौथी शिकलेल्या बाईचं खरं. ठीक आहे. उद्यापासून तुम्हीच वाचा ते."

पन्नास वर्षांत तुम्ही माझी चौथी काढली नव्हतीत. सुधीरची मराठी शाळेची पुस्तकं मी वाचून घ्यायचे तेव्हा तुम्हीच शेजारी बसून अडलेला शब्द सांगायचात, आणि तोही असा, जसं काही स्वतःलाच वाचून दाखवताय.

"बरं," मी म्हणाले. "मग आजपासून मला हाकही मारू नका. चौथीवालीला काय दाखवायचंय?"

रशीदभाई नळी गुंडाळत म्हणाले, "काकू, काका तसं नाही म्हणाले."

"तसंच म्हणाले. तुम्ही होतात ना इथे?"

त्यानंतर एकवीस दिवस आपण भिंतींशी बोललो. "ज्यांना चहा हवा असेल त्यांनी दूध तापवून घ्यावं, माझ्या हातात काम आहे." "मंडईत कुणी जाणार असेल तर भोपळा आणू नये." तुम्ही भोपळा आणलात. दोनदा. मी दोन्ही वेळा केला आणि तुम्ही दोन्ही वेळा पानात वाढून घेतलात, कारण नाही म्हणायला माझ्याशी बोलावं लागलं असतं. आपण एवढे म्हातारे आणि एवढे मूर्ख होतो.

शेवटच्या दोन दिवसांत माझा बाहीचा कागद हरवला. वर्तमानपत्राचा कापलेला, वर्षानुवर्षांचा, त्यावर माझ्या अक्षरात 'पुढे' आणि 'मागे' लिहिलेलं. मी घर उलटं केलं. भांड्याला येणाऱ्या शांताबाईला विचारलं, "रद्दीत टाकलास का?"

"आजी, तुमच्या कागदाला हात लावला तर तुम्ही माझा हात ठेवाल का?"

"मग काय पाय फुटले त्याला?"

तुम्ही पुढच्या खोलीत हे सगळं ऐकत होतात. एक शब्द बोलला नाहीत. मी नवा कागद कापला. लेल्यांच्या सुनेचा ब्लाउज त्या नव्या कागदावरचा.

तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी रशीदभाई आले. सुधीर तुमच्या पेन्शनच्या कागदपत्रांसाठी बाहेर गेला होता. टेबलावर मी पहिल्या दिवशी चादर टाकली होती, ती कुणी काढली नव्हती. रशीदभाई म्हणाले, "काकू, सुधीरनं सांगितलंय, इंजिन नीट बांधून द्या, तो बरोबर नेणार आहे."

"न्या," मी म्हणाले.

त्यांनी चादर काढली. इंजिन दोन्ही हातांनी उचललं. त्याच्याखाली माझा बाहीचा कागद होता.

कागदावर तुम्ही पेन्सिलीनं दांड्या काढल्या होत्या. चाकाचा गोल, मोठी दांडी, लहान दांडी. लहान दांडी माझ्या 'पुढे' या शब्दाकडे झुकलेली. रेघ इतकी दाबून काढलेली की कागदाच्या मागे उमटली होती. आणि मागच्या बाजूला तुम्ही त्या उमटलेल्या रेघेवरून पुन्हा पेन्सिल फिरवली होती. कागद उलटा करून. दुसरी बाही.

रशीदभाईंना कळायला वेळ लागला. मग ते इंजिनाची डावी बाजू उजेडात धरून म्हणाले, "काकांनी फिरवलीय बघा. पुढे घेतलीय." त्यांनी स्क्रूवर बोट ठेवलं. "पण आवळलेला नाही. अर्धाच आहे."

अर्धाच होता. तुम्ही जिथे नेहमी थांबायचात तिथेच थांबला होतात, मी येऊन बघेपर्यंत.

मी खाली बसले. तुमच्या खुर्चीत नाही, जमिनीवर. रशीदभाई पाणी आणायला वळले. मी म्हणाले, "पाणी नको. ऐका. त्यांनी मला हाक मारली होती. दोनदा. मी ऐकली होती. मी उठले नाही."

रशीदभाई उभेच राहिले. त्यांच्या हातात इंजिन होतं. त्यांनी विचारलं, "मग तुम्ही सगळ्यांना—"

"खोटं सांगितलं."

मला वाटलं, ते म्हणतील, काकू, तुम्ही उठला असता तरी काय झालं असतं, सगळं वरच्याच्या हातात. लोक असं म्हणतात. त्यांनी इंजिन टेबलावर ठेवलं, कागद त्याच्या शेजारी ठेवला आणि म्हणाले, "काकू, मला सांगून काय उपयोग? ज्याला खोटं सांगितलंत त्याला सांगा. मी आज हे बांधत नाही."

मला राग आला. पण माणूस खरं बोलला होता.

सुधीर आला. त्याला चहा दिला आणि तो कप तोंडाला लावायच्या आत सांगितलं, नाहीतर माझा धीर गेला असता. भांडण सांगितलं, हाका सांगितल्या, मशीन जोरात चालवलं तेही सांगितलं. भुसावळचंही सांगितलं. त्याला मांडीवर घेतलं होतं ते. ते त्याला माहीत नव्हतं.

तो म्हणाला, "किती वेळ, आई?"

"एक बाही."

"म्हणजे किती?"

"पंधरा मिनिटं. वीस धर. मी दोनदा टीप मारली."

चहा गार झाला तो त्यानं ओतला, कप धुतला, पालथा ठेवला. मग तुमच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. पाठमोरा. त्या पाठीकडे बघताना मला कळलं की ज्याला मी तुमच्यासमोर पुढे केलं होतं तो माझ्यापेक्षा तुमचाच जास्त होता. त्याला सायकल तुम्ही शिकवलीत, तो परदेशी जाताना स्टेशनवर रडलात तुम्ही, मी नाही.

"डॉक्टरांना विचारू का?" तो म्हणाला. "वीस मिनिटांनी काही फरक पडला असता का म्हणून?"

"विचार."

त्यानं विचारलं की नाही, मला माहीत नाही. विचारलं असेल तर मला सांगितलं नाही. जायच्या दिवशी सकाळी बॅग दारात ठेवून नेहमीसारखा पाया पडला आणि म्हणाला, "बी. पी.ची गोळी वेळेवर घे." मग जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून थांबला. "इंजिन इथेच राहू दे. तुझ्याकडे."

शिक्षा म्हणून म्हणाला की सोबत म्हणून, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं ते न विचारणं ही माझी जुनी खोड आहे.

पहिली हाक इंजिनासाठी होती आणि दुसरी तुमच्या स्वतःसाठी, असं मी धरून चालले आहे. पहिलीत तुम्ही मला सांगणार होतात की चौथीवालीचं बरोबर होतं. सांगायला तुम्हाला एकवीस दिवस लागले आणि माझा कागद चोरावा लागला. दुसरीत 'अहो' होतं. तुम्ही मला कधी अहो म्हणत नव्हतात, नुसतं वहिनी म्हणायचात. ते 'अहो' मी ऐकलं तेव्हाच मला वेगळं लागलं होतं, भाऊजी. तेवढं मी सुधीरला सांगितलं नाही, आणि रशीदभाईंनाही नाही. वेगळं लागलं आणि तरी मी सुई खाली घेतली.

भुसावळच्या वेळी मी तुम्हाला अडवलं आणि त्या सकाळी आले नाही. दोन्ही वेळा तोंडानं मनातलं बोलले नाही, दोन्ही वेळा हात कामात गुंतवून घेतले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "वहिनी, एवढं मोजू नका." तुम्ही तसंच म्हणाला असता, म्हणून तर जास्त लागतं. या घरात पन्नास वर्षं मंडईची पिशवी तुम्ही उचललीत, माझी चौथी झाकलीत, दुसऱ्याच्या मुलाला वाढवलंत. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आता मानते. उशिरा मानते, आणि त्यानं काही फिटत नाही हे मला माहीत आहे.

काल रशीदभाईंना पंप घेऊन बोलावलं. इंजिन टेबलावर घेतलं. तुमचा पाना घेतला, कागद शेजारी ठेवला, आधी उजवीकडून पाहिलं, मग डावीकडून. दोन्ही पुढे. दोन हातांच्या दोन बाह्या. तो अर्धा स्क्रू मी पक्का केला. 'करू?' असं कुणी विचारलं नाही.

रशीदभाईंनी हवा सोडली. चाक अर्धा फेरा गेलं, आणि मग पुढे गेलं. मग फिरतच राहिलं. फसफस आवाज येत होता, स्टोव्हसारखाच. रशीदभाईंचे डोळे भरले. त्यांनी मला विचारलं, "बंद करू?"

"राहू दे थोडा वेळ," मी म्हणाले.

रंग मी काळा देणार आहे. तुमचं खरं होतं, इंजिन काळंच असतं. जाळ मात्र या घरात होणार नाही.

त्या सकाळी या घरात आपण दोघं होतो. तुम्ही हाक मारलीत आणि गेलात. मी ती ऐकली, आणि मी आहे.